बाकाखालची ओल

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आई होती तेव्हा आईला नाही. देवापुढे उभा राहिलो तरी तिथं दुसरंच काहीतरी पुटपुटून परत आलो. तुम्ही मला ओळखत नाही — आणि नेमकं म्हणूनच तुमच्याशी बोलायला बसलोय, हे आधीच कबूल करतो. ज्यांना सांगायला हवं ते माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात.

गोष्ट एका फुटक्या बॅटरीची आहे. ऐकायला किती साधं वाटतं, नाही? मीही स्वतःला कितीतरी वर्षं हेच सांगत आलो, की गोष्ट बॅटरीची आहे. ती बॅटरीची नाही. पण सुरुवात मला तिथूनच करावी लागेल. एकदम मूळ जागेवर जायची माझी तयारी नाही, अजूनही नाही.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. मधू आणि मी सातपूरच्या एकाच कारखान्यात होतो. तो पत्र्याच्या कामात, मी इलेक्ट्रिक विभागात. दोघंही पंचवटीत राहायचो, एकाच रस्त्यानं सायकलवर जायचो-यायचो. त्याचं नुकतं लग्न झालेलं, माझं व्हायचं होतं. त्याची बायको शालिनी, म्हणजे माझ्या वहिनी, मनमाडच्या. वडील रेल्वेत गार्ड. लहानपणापासून पासावर मुलूखभर फिरलेल्या. त्या म्हणायच्या, "भाऊजी, आम्ही फिरलो खूप, पण गाडी थांबेल तिथंच उतरलो. मला आता मी म्हणेन तिथं थांबणारी गाडी हवी." मधूनं ते मनावर घेतलं.

देवळालीला लष्कराच्या निकामी सामानाचा लिलाव व्हायचा. तिथून मधूनं आधी एक जुनी जीप आणली होती. नंतर एक दोन चाकांचा ट्रेलर आणला. लोकांना वाटलं, द्राक्षं वाहायला लावणार. त्यानं त्यावर घर बांधायला घेतलं — खरंखुरं घर. पत्र्याच्या भिंती, दोन बाजूंना दोन बाकं, ती रात्री झोपायला, स्टोव्हसाठी फळी, माठ बसवायला लोखंडी कडं, खिडक्यांना काचा. आडगाव नाक्याजवळ एक मोकळी जागा होती, तिथं सुट्टीच्या दिवशी काम चालायचं. जाणारा-येणारा थांबायचा. एक जण रोज विचारायचा, "काय मधुकरराव, फड काढताय का तमाशाचा?" आणि मधू सांगायचा, "हो ना, नाच्या सापडला की निघालोच. तुम्ही येताय का?"

वहिनी गोल्फ क्लबच्या मैदानावर जीप शिकत होत्या. नऊवारी नेसणाऱ्या सासूबाई घरात, आणि सून मैदानात जीप फिरवतेय. तेव्हा हे सोपं नव्हतं. पण त्यांच्या हातात ती विद्या होती. मधूपेक्षा त्यांचा गिअर गुळगुळीत पडायचा. लायसन काढायचं, आणि मग नवऱ्याला शेजारी बसवून घर ओढत न्यायचं, हा त्यांचा बेत होता. हे लक्षात ठेवा. नाही — लक्षात ठेवा असं मी का म्हणतोय? तुम्ही विसराल, आणि विसरलात तरी काही बिघडणार नाही. मलाच ते विसरता येत नाही.

विजेचं काम माझ्याकडे. दोन दिवे, एक छोटा पंखा, आणि ते चालवायला एक बॅटरी. मधू म्हणाला, नवी घेऊ. मी म्हटलं, कशाला? ट्रकची जुनी पण चांगली बॅटरी मी आणतो, तू फक्त बघ. मला तेव्हा 'तू फक्त बघ' म्हणायला फार आवडायचं.

त्याच सुमाराला मधूच्या हातून खिडकीची काच पडली. मोठी, मापानं कापून आणलेली. वहिनी तिथंच होत्या. मी म्हटलं, "हाताला लोणी लावून आलास का रे?" वहिनी हसल्या. त्या हसल्या म्हणून मी ते धरूनच ठेवलं. पुढं त्याला 'लोणीसाहेब'च म्हणू लागलो. कारखान्यातही. डब्याच्या वेळी मी म्हणायचो, "लोणीसाहेब, डबा नीट धरा." तो हसायचा. पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या त्याच्या, ते मला दिसायचं.

आणि मग मी बॅटरी पाडली.

सायकलच्या कॅरियरला जुन्या ट्यूबनं बांधून आणली होती. मोकळ्या जागेवर पोचलो, उतरवायला ट्यूब सोडली, वजन एका बाजूला गेलं आणि ती माझ्या हातातून निसटून दगडावर पडली, कोपऱ्यावर. कोणी नव्हतं तिथं. मधू अजून यायचा होता. मी बसून पाहिलं. खालच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर. बोट फिरवलं तर कळतही नव्हतं. पण बोट ओलं झालं.

सांगायला काय लागत होतं? "पडली रे हातातून." इतकंच. तो फार तर म्हणाला असता, आता लोणीसाहेब कोण? दोन दिवस हसले असते सगळे. मला तेवढं सोसवलं नाही. कारखान्यातून डांबराचा खडा आणला, तापलेल्या पट्टीनं वितळवून चिरेवर चोपडला. त्या काळच्या बॅटऱ्यांना वरून डांबरच असायचं, त्यामुळे खालचा डाग कोणाच्या डोळ्यावर येण्यासारखा नव्हता. पण आत अ‍ॅसिड भरलेलं असताना वरून लावलेलं डांबर टिकत नाही. ती रिकामी करावी लागते, धुऊन सुकवावी लागते, मग काय ते. हे मला माहीत होतं. मी इलेक्ट्रिकचा माणूस होतो. माहीत नव्हतं असं मला म्हणताच येत नाही.

लाकडी खोक्यात ती ठेवली, खोकं बाकाखाली सरकवलं, वर हिरवा रंग दिला. दिवा लागला. वहिनींनी नारळ फोडला आणि पहिलं खोबरं मला दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत, पाडवा झाल्यावर, आम्ही तिघं निघालो. सासूबाई नको म्हणाल्या — चाकावरच्या घरात मी झोपणार नाही, म्हणाल्या. मुंबईच्या रस्त्यानं जाऊन इगतपुरीच्या अलीकडं आत वळलो, धरणाच्या पाण्याकडं. तो रस्ता बैलगाड्यांचा. एका मोरीवरून उतरताना ट्रेलरचं चाक कडेवरून घसरलं आणि मागं सगळं घर धाडकन आपटलं. भांड्यांचा आवाज झाला. वहिनी पुढं बसल्या होत्या, मागं वळून म्हणाल्या, "अहो, संसार पडला आपला." मधू इतका हसला की त्याला गाडी थांबवावी लागली.

मी हसलो नाही. मी उतरून मागं गेलो आणि 'भांडी लावतो' म्हणालो.

पाण्याकाठी पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. भात कापून झालेलं, पेंढ्या पडलेल्या. मग वहिनींनी खाली दगडावर मिरच्या घेतल्या ठेच्याला, मधू पाणी आणायला गेला. मी आत जाऊन बाकाखाली हात घातला. ओल होती. खोक्याच्या तळातून बाहेर येऊन फळीवर पसरली होती. मी बोटं मातीत पुसली आणि बाहेर येऊन बसलो.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी? हो. तेव्हा तरी. मी बसून विचार करत होतो की जेवण झालं, हे दोघं फिरायला गेले, की मी बॅटरी काढून बाहेर ठेवेन आणि सांगेन, चार्ज उतरलाय. असा माझा बेत चालला होता. खोटं किती बारकाईनं आखावं लागतं — खऱ्याला काहीच आखावं लागत नाही.

वहिनी ठेच्याची वाटी ठेवायला आत गेल्या आणि तिथून त्यांचा आवाज आला, "अहो भाऊजी, हे बाकाखाली ओलं कशानं झालंय?"

मी म्हटलं, "माठ पाझरतोय, वहिनी."

विचार न करता म्हटलं. माठ होता बाकाच्या शेजारीच, नवा होता, पाझरतही होता. इतकं सोयीचं उत्तर होतं की ते माझ्या तोंडात आधीपासूनच असल्यासारखं आलं.

"मग पुसून घेते. अंथरूण भिजेल," त्या म्हणाल्या.

त्या क्षणी मी उठायला हवं होतं. 'राहू द्या, मी पुसतो' — निदान एवढं म्हणायला हवं होतं. हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा म्हटलंय याची गणती नाही. आंघोळ करताना, सायकल चालवताना, माझ्या स्वतःच्या लग्नात अंतरपाटामागं उभा असताना. तेव्हा म्हटलं नाही. त्यांनी धोतराचं जुनं फडकं घेतलं, बाकाखाली फिरवलं, दारात आल्या आणि बाहेर हात करून फडकं पिळलं. वारा समोरून होता.

त्यांनी एकदम डोळा मिटला. उजवा.

"मिरचीचा हात लागला वाटतं," म्हणाल्या. आणि हसल्यासुद्धा थोड्या. मग हसू गेलं. त्या पायरीवरच खाली बसल्या.

आता मी त्या जागेपाशी आलोय. मघापासून जे सांगितलं ते सगळं — पडलेली बॅटरी, डांबर, माठ — ते वाईट आहे, पण ते मी एखाद्या जवळच्या मित्राला कधीतरी सांगू शकलो असतो. पुढचं नाही.

अ‍ॅसिड डोळ्यात गेलं तर काय करायचं हे आमच्या विभागात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. डोळा उघडा धरायचा आणि पाणी ओतत राहायचं. भरपूर, थांबायचं नाही, रडला-ओरडला तरी थांबायचं नाही. मला ते पाठ होतं. मीच दर वर्षी नव्या पोरांना ते समजावून द्यायचो. समोर अख्खं धरण भरलेलं होतं.

मधू धावत आला. "काय झालं?" वहिनी म्हणाल्या, मिरची. आणि मग मधूनं तेच केलं जे आपल्याकडं कोणीही करेल. तुमच्या आईनं तुम्हाला केलं असेल, माझ्या आईनं मला केलंय. त्यानं त्यांच्या पदराचा बोळा केला, त्यावर तोंडानं ऊन फुंकर घातली आणि तो बोळा मिटलेल्या डोळ्यावर दाबून धरला. पुन्हा फुंकर, पुन्हा बोळा. "उघडू नकोस, थांब, जाईल. थांब." किती हळुवार करत होता. एका हातानं त्यांचं डोकं धरलेलं, एका हातानं शेकत होता.

आणि मी चार हातांवर उभा होतो.

मला ठाऊक होतं की आत मिरची नाही. डोळा मिटून धरण्यानं ते आतच राहतंय, हेही ठाऊक होतं. मी गप्प उभा राहिलो. का? मी त्याचं उत्तर शोधलेलं नाही असं समजू नका. घाबरलो होतो म्हणावं तर माझे हात थरथरत नव्हते. गोंधळलो होतो म्हणावं तर माझं डोकं स्वच्छ चालत होतं. इतकं स्वच्छ, की 'पाणी मारा' म्हटलं तर मधू विचारेल का, आणि 'का' चं उत्तर बाकाखाली आहे, इथवर मला सरळ दिसत होतं. त्यांच्या डोळ्याचं काय होतंय आणि माझं काय होईल, हे दोन्ही एकाच वेळी मला दिसत होतं. मी माझ्याकडे पाहिलं.

तो वेळ किती होता, मला सांगता येणार नाही. मधूच्या फुंकरी ऐकू येत होत्या. वहिनी आधी 'जाऊ द्या, बरं आहे' म्हणत होत्या, मग काहीच म्हणेनाशा झाल्या, मग त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज यायला लागला. ओरडण्याचा नाही. तो आवाज आला तेव्हा मी म्हटलं, "पाणी मारून बघ ना."

'मारून बघ ना'. सहज सुचल्यासारखं.

मधूनं तांब्याभर पाणी ओंजळीत घेऊन दोनदा मारलं. वहिनींना ते सहन होईना, त्यांनी मान फिरवली, आणि तो थांबला. त्याला कुठं माहीत होतं थांबायचं नाही म्हणून? ते मला माहीत होतं. मी त्याला 'थांबू नकोस' म्हणालो नाही.

मग त्यानं जीपचा ट्रेलर सोडवला आणि वहिनींना घेऊन तो घोटीला डॉक्टरकडं निघाला. "सामानापाशी थांब," मला म्हणाला. घोटीच्या डॉक्टरांनी डोळा खूप वेळ धुतला आणि तसंच नाशिकला जायला सांगितलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी पाण्याकाठी एकटा होतो. आणि एकटा असताना मी काय केलं? खोकं ओढलं, बॅटरी बाहेर काढली. डांबर अर्धं सुटलं होतं. उरलेलं मी सुरीनं खरवडून काढलं, नीट, कडेकडेनं, आणि पाण्यात फेकून दिलं. बॅटरी परत खोक्यात ठेवली. आता चीर तेवढी राहिली. जशी कुठंही पडू शकते तशी.

मधू दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच आला. डोळे सुजलेले. फडकं पायरीपाशी तसंच पडलेलं होतं, त्यानं हातात घेतलं तर त्याची चाळण झाली होती, बोटं लावताच तुटत होतं. "हे पाणी नव्हतं," तो म्हणाला. आत गेला. खोक्याचा जळलेला तळ बघितला, बॅटरी फिरवून चीर बघितली. मग पाठमोराच खाली बसला.

"मोरीवर आपटलं ना, तेव्हा फुटली," तो म्हणाला. "मी हसत होतो तेव्हा."

मी म्हटलं, "असेल."

एवढंच. मी त्याच्यावर आळ घेतला नाही, तो त्यानं स्वतःच उचलला. मी फक्त त्याला उचलू दिला. हा फरक मी बरीच वर्षं जपून ठेवला होता, जणू काही त्याला किंमत आहे.

वहिनींच्या डोळ्यात फूल पडलं. उजेड-अंधार कळतो त्या डोळ्यानं, बाकी नाही. लायसनचा विषय पुन्हा निघाला नाही. कधीतरी त्या स्वतःच थट्टा करतात, "मला तुमचं घर निम्मंच अस्ताव्यस्त दिसतं, म्हणून टिकलाय संसार." मधू त्यावर हसत नाही. सुरुवातीला भांडणात त्यांच्या तोंडून एकदा निघून गेलं होतं, "त्या दिवशी दात काढत होतात, आठवतंय ना?" मी तिथंच बसलो होतो, पोह्यांची बशी हातात. मधू उठून बाहेर गेला. वहिनी मग रडल्या, मला म्हणाल्या, असं बोलायला नको होतं मी. मी म्हटलं, होतं असं रागात.

मधूनं जीप विकली. ट्रेलर त्र्यंबक रस्त्यावरच्या एकानं घेतला, चाकं काढून त्यात चहाचं दुकान टाकलं. त्या दिवसापासून आजपर्यंत मधूनं कुठल्याही गाडीचं चाक हातात धरलेलं नाही. सायकलसुद्धा सोडली, बसनं कारखान्यात जाऊ लागला. कोणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचा.

आणि माझं काय झालं? माझे आभार मानले गेले. नाशिकच्या डॉक्टरांनी म्हणे सांगितलं, थोडं तरी पाणी मारलंत ते बरं केलंत, नाहीतर डोळा काढावाच लागला असता. "भाऊजींनी सुचवलं म्हणून," वहिनी सगळ्यांना सांगायच्या. पुढच्या दिवाळीला त्यांनी मला घरी बोलावलं, पाट मांडला आणि म्हणाल्या, "आजपासून भाऊजी नाही, भाऊ." त्या वेळेपासून दर भाऊबीजेला मला ओवाळतात. तबक माझ्या तोंडासमोरून फिरतं, आणि ज्योत बघायला त्यांना मान जरा डावीकडून उजवीकडं वळवावी लागते. मी ओवाळणी टाकतो. लाडू खातो. माझी बायको म्हणते, तुमचं हे नातं किती छान आहे. मी नको म्हणायला हवं होतं का? एकदाही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मला बरंच वाटलं होतं. कोणीतरी आपल्याला चांगलं समजतंय, हे त्यातही बरं वाटतं माणसाला.

मी हे आताच का लिहायला बसलो, ते सांगतो.

मधूला एक मुलगी आहे, मेधा. त्या दिवाळीनंतर वर्षा-दीड वर्षानं झालेली. यंदा कॉलेजात गेली. तिला लुना हवीय. तिच्या सगळ्या मैत्रिणींकडं आहे. मधू नाही म्हणतो. ती रुसली, जेवली नाही, वहिनी बोलल्या, तरी नाही. गेल्या महिन्यात वहिनी आमच्याकडं आल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत. तुम्ही होतात तिथं त्या दिवशी, तुमचं ऐकतील. माझं राहिलं ते राहिलं, तिला तरी चालवू द्या."

मी गेलो. मधू पडवीत पेपर वाचत होता. मेधा आत मुद्दाम भांडी आपटत होती. मी इकडचं तिकडचं बोललो, मग म्हटलं, "अरे, घेऊन दे पोरीला. किती दिवस ते धरून बसणार? रस्ताच तसा होता तो. कोणाचीही गाडी आपटली असती."

मधूनं पेपर घडी केला. घडीवर घडी, अगदी लहान होईपर्यंत.

"रस्त्याचं नाव नको घेऊस," तो म्हणाला. "तू मला वाटेत तीन-चारदा सांगितलं होतंस. हळू घे मधू, हळू घे. आठवतंय? तुला कळत होतं. मी ऐकलं नाही. लोणीसाहेब म्हणायचास ना मला, ते बरोबरच होतं तुझं. माझ्या हातात काही दिलं की ते फुटतं. मी तिच्या हातात गाडी देऊ आणि ती माझ्यासारखी निघाली तर?"

हे मी वर लिहिलं नाही. सोडून दिलं होतं, बघा — इथंसुद्धा. मी सांगितलं होतं त्याला, हळू घे म्हणून. का सांगितलं होतं ते तुम्हाला आता ठाऊक आहे. त्याला नाही. त्याला वाटतं, शहाण्या मित्रानं सावध केलं होतं आणि आपण ऐकलं नाही. इतकी वर्षं तो माझ्या त्या शब्दांनी स्वतःला मारतोय.

वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायचं होतं, मधू, ती आधीच फुटलेली होती. पाच-सहा शब्द. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे मेधा ऐकत होती, वहिनीही ऐकत असणार. त्या तिघांचंही ओझं त्या शब्दांनी उतरलं असतं. ओझं माझ्यावर आलं असतं, जिथं ते पहिल्यापासून हवं होतं.

मी म्हटलं, "बरं, राहू दे. तुझं तू बघ."

वहिनी चहा घेऊन आल्या. कप देताना हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. तुम्ही बोललात तेवढं खूप झालं." मी चहा प्यायलो. पूर्ण प्यायलो.

लुना आणली नाही. हे लिहिलं म्हणजे त्याला सांगितलं असं होत नाही, मला कळतं. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही ओवाळत नाही मला.

सकाळी मी स्कूटर काढून कोपऱ्यावर येतो तेव्हा मेधा बसची वाट बघत उभी असते. बस येत नाही वेळेवर. मी थांबतो, ती मागं बसते, तिला कॉलेजच्या दारात सोडून मी पुढं जातो. मधूची त्याला ना नाही. परवाच तो मला म्हणाला, तुझ्या गाडीवर असली म्हणजे मला घोर नसतो.